दोन ठोके

वडील: खोटं लिहिलंय तुमच्या ऑफिसनं. धडधडीत खोटं! 'कर्मचाऱ्याचा निष्काळजीपणा' म्हणे. पंपघरात माझ्याबरोबर राबणारा नाना तिकडे दवाखान्यात बेशुद्ध, आणि इकडे त्याच्यावर खापर फोडून तुम्ही मोकळे?

मुलगी: बाबा, हळू. तो अहवाल तुम्ही वाचायलाच नको होता.

वडील: जेवायच्या टेबलावर टाकून गेलीस, वाचला. खाली तुझं नाव छापलंय. सही कधी ठोकतेस?

मुलगी: बाराच्या आत द्यायचाय.

वडील: वा! पंपघरात ती आपोआप चालणारी यंत्रणा बसवायला चार वर्षं, आणि नानाला गुन्हेगार ठरवायला चार दिवस.

मुलगी: स्क्रीनवर नोंद न करता ते जाळी साफ करायला खालच्या पाण्याच्या चेंबरमध्ये उतरले, असं—

वडील: केली होती नोंद! मी शेजारी उभा होतो. 'माणूस आत' म्हणून ते बटण आहे ना, ते दाबलं त्यानं. लाल दिवा लागला. मग त्याच्या अंगावर पाणी सुटलंच कसं? बोल की आता. एवढी शिकलीस ना?

मुलगी: दिवा एका कंपनीचा, व्हॉल्व्ह दुसरीचा. वरच्या टाकीत पाणी वाढलं की व्हॉल्व्ह आपोआप उघडतो. दिवा लागलाय हे त्याला कळतच नाही.

वडील: म्हणजे दिवा नुसता शोभेचा?

मुलगी: दिवा चाचणीत पास होता. व्हॉल्व्हही पास, पंपही पास. सगळं एकत्र चालवून बघायची चाचणी तेवढी राहिली. उद्घाटनाची तारीख आली म्हणून साहेबांनी वगळली. वगळल्याच्या कागदावर सही माझी.

वडील: शाब्बास!

मुलगी: वाटलं, एकेक भाग चांगला आहे, तर एकत्रही नीटच चालतील.

वडील: तीन चांगली माणसं एका खोलीत कोंडली म्हणजे घर होतं का गं? अठ्ठावीस वर्षं तो व्हॉल्व्ह मी हातानं फिरवला. फिरवण्याआधी काय करायचो?

मुलगी: बाबा, नको ना.

वडील: सांग!

मुलगी: पान्ह्यानं पाइपावर दोन ठोके. मग थांबायचं. खालून उलट ठोका आला, तर आत माणूस आहे. व्हॉल्व्हला हात लावायचा नाही.

वडील: सुट्टीत तूच मारायचीस ते ठोके. पान्हा उचलताना तोंड लाल व्हायचं तुझं. खालून नाना उत्तर द्यायचा आणि तू नाचायचीस. तुमच्या त्या दोनशे नकाशांत कुठं आहे तो ठोका?

मुलगी: कुठंच नाही. हाताचं काम काढलं, त्याच्याबरोबर तोही गेला. कुणी लिहून दिलाच नव्हता.

वडील: विचारलं कुणी आम्हाला? तुमचे साहेब पंपघरात आले ते फीत कापायला. त्यांचं जाऊ दे. तुला तर ठाऊक होतं!

मुलगी: होतं. पण मला तो आपला खेळ वाटायचा, बाबा. मोठी झाले तरी खेळच.

(मुलगी पेन काढते.)

मुलगी: आणा तो कागद. 'निष्काळजीपणा' खोडते. बटण दाबल्याची नोंद संगणकात आहे, ती जोडते. वगळलेली चाचणीही लिहिते, माझ्या सहीसकट.

वडील: नोकरी जाईल.

मुलगी: जाऊ दे.

वडील: लिही. साहेबांना कागद पुरेल. नाना शुद्धीवर आला की कागद नाही मागणार. वर मी होतो हे त्याला माहितीय. तो एवढंच म्हणेल, 'पाणी सुटायच्या आधी ठोके का नाही दिलेस रे?' सांग पोरी, काय सांगू त्याला?