शुक्रवारचा रविवार

रियाधला, अल मलाझ भागातल्या दवाखान्यात किशोरी बाळाच्या लसीसाठी थांबली होती. एवढ्यात मागच्या बाकावरून मराठी कानावर पडलं. एक आवाज वयस्कर होता, दुसरा कोवळा.

“शमुवेल, फिटनेसचा कागद मिळाला ना? मग तोंड एवढंसं का?”

“सालोमनकाका, दुबईची बेसबॉलची निवड शुक्रवारी आहे.”

“मग जा की! पगारी खेळाडू होशील. लेबर कॅम्पाच्या भिंतीवर किती दिवस बॉल मारणार?”

“शुक्रवारी आपली प्रार्थना असते. उपासना चुकवणार नाही, असा आईला शब्द दिलाय. नगरहून निघताना, बायबलवर हात ठेवून.”

“कुठल्या वाराचा शब्द?”

“रविवारचा.”

“आणि रविवारी कुठं असतोस?”

“साइटवर. तुमच्याच शेजारी वेल्डिंग करत.”

“मग शुक्रवार कुणी ठरवला?”

“तुम्हीच. सुट्टी त्या दिवशी असते म्हणून.”

“कंपनीसाठी रविवार हलवला, मग तुझ्यासाठी शुक्रवार नाही हलवणार? या खेपेला गुरुवारी जमू. ड्युटी सुटली की माझ्या खोलीवर.”

“सगळे येतील?”

“न येऊन जातात कुठं!”

“आणि आई?”

“तिला मी फोन करतो. माझ्यावर रागावू दे.”

बाळ कुरकुरलं. किशोरी त्याला थोपटत राहिली, पण कान मागेच होते.

“गुरुवारी बॉल घेऊन ये. आपण प्रार्थनेचे चौदाही जण त्यावर हात ठेवून प्रार्थना करू.”

“काका, बॉलला काही लागलेलं चालत नाही. खेळाच्या नियमात बसेल ना ते?”

“हात धुऊन ठेवू रे!”