माग थांबीव

माझं म्हायेर कुंभारीचं. लगीन होऊन सोलापुरात आले ती गिरनीतच आले म्हना की. आमचे मालक साळखात्यात माग चालवायचे, मी बी तितंच सुताच्या कांड्या भरायची, आनि काय सांगू तुमाला, त्या खडखडाटात शेजारच्याचं बोलनं कुटं ऐकू येतंय, म्हनून आमी समदी हातानं बोलायचो. मूठ वळून खाली ओढली की समजायचं, माग थांबीव. आमी नवराबायकू घरी बी निम्मं हातानंच बोलायचो, तोंडानं बोललो की आवाज चढायचा, चाळीला वाटायचं भांडान लागलंय.

मग त्यांच्या छातीत कळ आली. मोठ्या दवाखान्यात नेलं, तितं लई आजारी मानसांसाठी नवी काचंची खोली केलेली. भाईर पाटी, शांतता राखा. मी नुसतं इचारलं, कसे हायत वो, तर शिपाई अंगावर आला, म्हनं बाई, हा बाजार हाय का? आनि आत? आत मशीनची पीं पीं, ट्रे आपटायलेत, सिस्टर ह्या टोकावरनं त्या टोकाला हाका मारायलीय. शेजारच्या खाटंवरचा मानूस सकाळीच गेलेला, खाट रिकामी, पन त्याचं मशीन तसंच कोकलत हुतं, कुनी बंद करंना.

मालकांच्या तोंडावर आक्सिजनचं टोपन, बोलता येईना. काचंतनं मी बगायले, त्यांनी त्या मशीनकडं बगून मूठ वळली, खाली ओढली, परत वळली, परत ओढली. सिस्टरला वाटलं झटके यायलेत, तिनं पट्टीनं दोनी हात खाटंला बांधले. भेटीच्या टायमाला आत गेले तर बांधल्याली मूठ ओढतच हुती. मी म्हनलं, सिस्टर, झटके न्हाईत वो, ते म्हनत्यात मशीन बंद करा, झोप लागंना त्यांना. ती म्हनली, मशीन बंद केलं तर मरतील ना ते. मी म्हनलं, त्यांचं नव्हं बाई, त्या रिकाम्या खाटंचं. तर म्हनं, डॉक्टर आल्याशिवाय हात लावायचा नाही, आणि तू हळू बोल, पेशंटला त्रास होतो. माझ्या बोलन्यानं तरास!

डॉक्टर यायच्या आदीच ते गेले, बिनझोपेचे. मग सिस्टरनं आदी हात सोडले आनि मशीनं बंद केली. दोनी. लई शांत झालं बगा.

अजून बी मी गिरनीत जाते. कुनी मूठ ओढली की माग थांबतो, लगीच थांबतो, कुनी डॉक्टरची वाट बगत न्हाय. तुमाला देव औक्ष देवो बाबा, आनि जाताना तुमचे हात मोकळे ऱ्हावोत.