बटण कोणी दाबायचं

प्राण्यांच्या दवाखान्यात मांजरवाल्या बाईंच्या शेजारी दोन जावा बसल्या होत्या. कुत्रा धाकटीच्या पायांना बिलगला होता.

"जाऊबाई, विजेच्या झटक्याचा पट्टा दिवसभर बांधून ठेवलात, म्हणून त्याची मान सोलली."

"खायला मी घालते आणि हा तुझ्यापुढे शेपूट हलवतो!"

"म्हणून माझ्याकडे निघाला की बटण दाबता?"

"हलकाच तर असतो झटका."

"आधी स्वतःच्या हातावर बघा, असं दुकानदार म्हणाला होता. बघितलंत?"

"मी काय कुत्रा आहे?"

"परवा कळवळत आला बिचारा माझ्याकडे."

"मग तू काय केलंस?"

"मान चोळली, दुसरं काय?"

"तरीच! झटका माझा आणि लाड तुझे. येईल कशाला तो माझ्याकडे?"

"आता तरी काढा तो पट्टा."

मांजरवाल्या बाईंनी कान टवकारले.

"काढायचा कशाला? उद्यापासून बटण तू दाब. मान मी चोळेन."