उंच बरणीतले वाटाणे

बाबा : अगं, ऐकतेस का! ते भांडी घासणं ठेव बाजूला. आलं!

सून : काय आलं, बाबा?

बाबा : वाटाणा! कडेच्या ओळीत तीन कोंब आहेत. एकवीस दिवस झारी घेऊन हेलपाटे घालतोय, मला वाटलं संपलं सगळं. तुझ्या सासूचा लाल दोरा कुठे असतो? शिवणाच्या डब्यात बघ बरं.

सून : दोरा आत्ता कशाला?

बाबा : बी राखायला. सगळ्यात आधी उगवलेल्या वेलांना ती दोरा बांधायची. त्यांच्या शेंगांना कुणी हात लावायचा नाही. एकदा मी तोडली एक, तर दोन दिवस अबोला धरला होता बाईनं.

सून : आठवतं. तुम्ही आधी बसा, पाणी प्या.

बाबा : पाणी कसलं! अगं, तिची वही वाचून वाचून पेरलंय मी. पहिला वाफा वाटाण्याचा, मधे धणे, भिंतीलगत मेथी, थंडी पडायच्या आत सगळं जमिनीत. तरी काही म्हणता काही वर येईना. परवा एक वाटाणा उकरून पाहिला, तर बोटात लगदा झाला त्याचा. म्हटलं, ती म्हणायची तेच खरं, माझ्या हाताला गुण नाही. चाळीस वर्षं नुसती झारी धरायला दिली मला.

सून : तुमच्या हाताचं काही नाही त्यात.

बाबा : मग कुणाचं? माती तिची, बी तिचं, वही तिची. नवा मी एकटाच.

सून : बाबा, त्या तीन कोंबांना दोरा बांधू नका.

बाबा : का म्हणून?

सून : ते आईंचे नाहीत. दहा दिवसांपूर्वी मी दुकानातून पुडी आणली. तुम्ही अंघोळीला गेलात तेव्हा ओळीत खुपसले दाणे.

बाबा : वेडी का काय तू? तिच्या वाफ्यात दुकानातलं बी? अगं, तिचं अजून खाली आहे!

सून : ते येणार नाही.

बाबा : तुला काय कळतं? कधी माती लावलीस हाताला?

सून : त्यांनी लावू दिली नाही. वाफ्याजवळ गेले तरी ओरडायच्या. म्हणून तर मला कळलंच नाही, की ते बियाणं होतं.

बाबा : कोणतं?

सून : आई गेल्या, पाहुणे पांगले, मग मी स्वयंपाकघर आवरायला काढलं. मागच्या फळीवर बरण्या होत्या. धणे, मेथी, वाटाणे. मला वाटलं वाणसामान आहे. कीड लागेल म्हणून कढईत भाजून ठेवलं. मंद आचेवर, रंगसुद्धा बदलू दिला नाही.

बाबा : सगळ्या बरण्या?

सून : सगळ्या.

बाबा : ती उंच बरणी? वाटाण्याची?

सून : ती सगळ्यात आधी.



बाबा : म्हणजे भाजलेल्या दाण्यांना पाणी घालत बसलो मी.

सून : तुम्ही बरण्या घेऊन वाफ्याकडे निघालात, तेव्हा कळलं मला ते बी होतं.

बाबा : मग तोंड शिवलं होतं का तुझं?

सून : त्या दुपारी तुम्ही पोटभर जेवलात. आई गेल्यापासून पहिल्यांदा. मागून वाढून घेतलंत. माझी जीभ रेटेना हो. मग रोज म्हणायचे, उद्या सांगू.

बाबा : कुणाला दिलं असेल का तिनं थोडं? शेजारच्या मास्तरीणबाई मागायच्या.

सून : विचारून आले. त्यांच्याकडे, मागच्या गल्लीत, सगळीकडे. सगळ्यांना एकच उत्तर होतं आईंचं. भाजी न्या हवी तेवढी, बी मिळणार नाही.

बाबा : हो. तशीच होती. भारी चिकट.

सून : बाबा, मला शिव्या द्या.

बाबा : शिव्या देऊन काय उगवणार आहे? पंचवीस वर्षं सांभाळलं गं तिनं ते. आता कुठून आणू मी? ... सकाळी भाजलंस ना?

सून : हो. अगदी लवकर. तुम्ही झोपला होतात.

बाबा : जाग आली होती मला. धण्यांचा वास आला, मग मेथीचा. डोकं कुठे ठिकाणावर होतं तेव्हा. वाटलं, उठली तुझी सासू, लागली कामाला. कूस बदलली आणि पुन्हा पडलो.

सून : बाबा...

बाबा : ती गेल्यापासून तेवढी एकच झोप लागली बघ मला.