सैपाकखोलीतला फोन

मी आलापल्लीचाच, भाऊ. बाप सागवानाच्या डेपोत कामाले होता, अन् मी टेलिफोनच्या खांबावर चढलो तो लाईनमन म्हणूनच रिटायर झालो. वारा सुटला का सागाची फांदी तारेवर पडे, लाईन बंद, मंग चाललो सायकलवर शिडी घेऊन. एकच गोष्ट अंगात भिनली, का लोकायची तार जोडाची, तोडाची नाई.

काय सांगू तुमाले, घरी फोन घेतला तवा पुढच्या खोलीतून भिंतीभिंतीनं तार नेली अन् इंदूसाठी, म्हणजे माझ्या बायकोसाठी, चुलीपाशी दुसरा फोन बसवला, भाजी ढवळता ढवळता तिले बोलता यावं म्हणून. मंग मोबाईल आले, गावची लाईन गेली, दोन्ही फोन मुके झाले, तरी इंदू त्यायले रोज पुसे. काऊन पुसतं व, म्हणलं, तं म्हणे, राहू द्या जी, घरातलेच आहेत.

आता तिले डोळ्यानं दिसत नाई. मोबाईलच्या काचेवर बोट कुठी ठेवाचं ते समजत नाई. आमची पोरगी संगीता हैदराबादले राह्यते, तिचा फोन आला का मीच उचलो, मीच स्पीकर लावो, अन् तिथीच बसून राहो. मले वाटे मी मदत करून राह्यलो. एक दिवस इंदू म्हणे, पोरीच्या मनात काहीतरी आहे, पण तुमच्यासमोर ती बोलत नाई. लई वाईट वाटलं मले.

मंग जावयानं डबी पाठवली, इंटरनेटवर जुना फोन चालवाची. बाबा, म्हणे, पुढच्या खोलीत भिंतीवर फोनचं खोकं आहे ना, त्यात जोडा, घरातल्या तारेवर दोन्ही फोन वाजतीन, पण आधी खांबावरून आलेली तार त्यातून सोडवा, नाई तं डबी चालत नाई. मी हो म्हणलं, डबी जोडली, पण तार तशीच ठेवली. माझ्या हातानं खांबावरून आणलेली तार, कशी तोडू? फोन मुका तो मुकाच. जावयाले म्हणलं, तुमची डबीच खराब आहे.

दसरा आला. दर दसऱ्याले इंदू माझ्या तार कापाच्या पकडीले हळदकुंकू लावते. यंदा चाचपून लावलं, अन् पकड माझ्याच हातात दिली. म्हणे, तुमचा त्या तारेवर जीव आहे, मले ठाऊक आहे, पण तिच्या त्या टोकाले आता कोणी नाई जी. या टोकाले मी आहो ना.

मंग हळद लागलेल्या पकडीनंच तार कापली, डबी पुन्हा जोडली, अन् संध्याकाळी संगीताची घंटी दोन्ही खोल्यायत वाजली. इंदू भिंत धरत गेली, कणकीच्या हातानंच फोन उचलला. सुरुवातीले हासली, मंग लई वेळ हू हू करत आयकत राह्यली, मंग डोळे पुसले. मले राह्यवलं नाई, भाऊ. पुढच्या खोलीतला फोन म्या हळूच उचलला. आतून आवाज आला, ठेवा जी तो, खट आयकू आलं मले.

लाईनमनची बायको ते.

काय बोलल्या ते मले आजपावेतो समजलं नाई. पण पोरीचा आवाज मोकळा झाला, तेवढं मलेही आयकू येते. आता घंटी वाजली का मी चपला घालतो अन् अंगणात जाऊन बसतो. बोला बाया हो, सुखानं बोला.