काटा लाल झाला तेव्हा

(दुधनीहून सिल्वासाच्या बाजाराकडे निघालेली माशांची पिकअप खानवेलच्या अलीकडे, चढावर बंद पडलेली. चालवत होती अलका. शेजारी बसून आलेली मंजुळाबाई, दुधनीची मासेवाली. वाळू मिस्त्री खानवेलहून मोटरसायकलवर आत्ताच पोचलाय. टळटळीत दुपार.)

वाळू : वहिनी, रेडिएटरच्या झाकणावरून हात काढा.

अलका : फडकं घेतलंय.

वाळू : फडक्यानं काय होतंय? आत उकळून राहिलंय सगळं. झाकण सैल झालं की थेट तोंडावर. काढा आधी हात.

मंजुळाबाई : मघापासून हेच सांगते मी तिला. ऐकते कुठं.

अलका : पाणी टाकून निघू म्हटलं. मागे बर्फ वितळून राहिला.

वाळू : हे कॅनमधलं गार पाणी तापल्या इंजिनात ओतणार होतात? हेड तडकतं अशानं. मग गाडी सरळ भंगारवाल्याकडे. थंड होऊ दे तिला, मग बघतो.

मंजुळाबाई : ये पोरी, सावलीला बस.

अलका : उभीच बरी आहे, मावशी.

वाळू : तोवर मला नीट सांगा. चढाला लागल्यावर तापली, की आधीपासूनच?

अलका : निघाले तेव्हा काटा मधे होता. चढ लागला तसा वर गेला.

वाळू : लालमध्ये?

अलका : हो. बराच वेळ तिथंच होता.

वाळू : तुम्हाला दिसला?

अलका : बघत होते मी त्याच्याकडे.

वाळू : मग थांबवली का नाही?

अलका : काय माहीत. लाल झालाय ते दिसत होतं. काही वाटलं नाही.

मंजुळाबाई : मी बोलले, पुढून वाफ येते, थांब. ही 'हो मावशी' बोलते नि चालवतेच. शेवटी गाडीच थांबली.

वाळू : बरं. आधी ऑइल बघू. ही पट्टी बाहेर काढली नि तिला दुधाच्या चहासारखं काही लागलं, तर समजायचं पाणी ऑइलमध्ये उतरलं. गॅस्केट गेलं. मग इंजिनच खोलायचं.

अलका : आणि नाही लागलं तर?

वाळू : तर वाचलो. हे बघा, काळंच आहे. स्वच्छ.

अलका : बरं.

वाळू : वहिनी, चांगली बातमी दिली मी.

अलका : हो ना. बरं म्हटलं की.

मंजुळाबाई : तिला राहू दे. तू तुझं काम कर.

वाळू : मावशी, जरा मोबाइलचा उजेड धरा इथं, जाळीवर.

मंजुळाबाई : हे काय, कापूस?

वाळू : धागा. वहिनी, परतीला राखोलीच्या कंपन्यांतला वेस्ट धागा भरता ना?

अलका : संध्याकाळचं भाडं तेच असतं.

वाळू : त्याची लव उडते नि रेडिएटरच्या जाळीत बसते. वरून रस्त्याची धूळ. गादी झालीय नुसती. पंखा फिरतोय, पण वारा शिरायला फट तर पाहिजे? तुमचा केदार रविवारी माझ्याकडेच यायचा, पाइप लावून जाळी धुवायला. आतल्या बाजूनं, हळू धारेनं. जोरात मारलं की पत्रे वाकतात.

अलका : मला वाटायचं, गाडी धुतात.

वाळू : रेडिएटरला जोडलेली पाण्याची बाटलीही कोरडी आहे. सकाळी गाडी थंड असताना बघता का कधी?

अलका : ते बघायचे. मी रोज अगरबत्ती लावते. आजच्या आधी बॉनेट नाही उघडलं.

वाळू : एकदाही?

अलका : शेवटचं त्यांनीच बंद केलेलं होतं.

वाळू : आता झाकण काढतो, हात लागतोय. बघा रंग. गंज. साधं पाणी भरलं होतं ना?

अलका : ते घरच्या बोअरचं भरायचे.

वाळू : नको. कूलंटच घालायचं, डब्यावर लिहिलंय तेवढं पाणी मिसळून. बोअरच्या पाण्याचा थर बसतो आत, नळ्या बंद होतात. नि काटा मधनं वर सरकला की काय करायचं?

अलका : थांबायचं.

वाळू : लाल व्हायची वाट नाही बघायची. एसी बंद, कडेला घ्यायची, बॉनेट उघडायचं. झाकणाला हात नाही. बोला.

अलका : झाकणाला हात नाही.

वाळू : टेम्पोवाला विकी होता त्या दिवशी राखोलीच्या कंपनीच्या गेटवर. सांगत होता, केदार माल चढवता चढवता खाली टेकला, नि...

अलका : मलाही तेच सांगितलं.

वाळू : तेरावं झालं नि दुसऱ्या दिवशी तुम्ही गाडी काढलीत. खानवेलला सगळे बोलतात, बाई घट्ट आहे.

अलका : बोलू द्या. बोलणाऱ्यांना बरं वाटतं.

मंजुळाबाई : घट्ट कसली. माझा माणूस धरणात बुडून गेला तेव्हा पावसाळाभर मी दोघांचा भात रांधायचे. उरला की कोंबड्यांना घालायचे. लोक बोलायचे, हिला काही झालं नाय.

अलका : तुम्हाला काही वाटायचं?

मंजुळाबाई : कोंबड्या जाड झाल्या.

वाळू : विकीला फोन केलाय. त्याच्या टेम्पोत मासे टाकू, बाजारात सोनी उतरवून घेईल ना, मावशी?

मंजुळाबाई : घेईल. सून आहे माझी, तिला माहीत आहे सगळं.

वाळू : गाडी ओढून नेतो मी. रेडिएटर उतरवून आतून साफ करायचा, हा पाण्याचा होज पाइप पण पिचलाय. परवा मिळेल.

अलका : आजच करा, वाळूभाऊ.

वाळू : घाई केली तर परत इथंच उभी राहील.

अलका : मग उद्या मी काय करू?

वाळू : भाडी विकी मारेल उद्याची.

अलका : भाड्याचं नाही विचारत. सकाळी उठले की काय करू?

मंजुळाबाई : दुधनीला चल माझ्याकडं. जाळं फाटलंय, शिवायचंय.

अलका : मला कुठं येतं. आमच्या साक्रीकडे जाळी नसतात, मावशी.

मंजुळाबाई : शिवीन मी. तू एक टोक धरून बस. ढिलं पडलं की भोक दिसत नाय.

अलका : बोलावं लागेल?

मंजुळाबाई : नाय.

अलका : मग येते.