सिंधू नावाची रेषा

हॅलो?… हो, शहापूर. मी चंद्रकलाच बोलून राहिली. कोण?…

गोपीचंद! अरे बाप्पा! दीड वर्षानं आठवण आली?… नाही, लेक झोपली आहे मांडीवर. हळूच बोल.

हो… हो… उद्या दाखवायचं? दिल्लीच्या साहेबांले? वा! मग रडून काहून राहिला?…

काय म्हणते कॉम्प्युटर?… तलाव काठोकाठ, अन् पाळीची माती आतून कोरडी? एक थेंब झिरपत नाही? बरं आहे ना, सिमेंटची असन तुझी पाळ!

अरे ऐक ना… ऐक. मी बाळंतपणाले गेली अन् माझ्या प्रोग्रामवर तुझं नाव चढलं. सरांले काय सांगितलं, 'तिच्यानं आता हे होत नाही'?… असं नव्हतं म्हटलं? मग कसं म्हटलं होतं?…

बरं, सोड. मातीत पाणी जिथवर चढते, त्या रेषेले मी काय नाव दिलं होतं?… सिंधू. पोटात होती तवाच ठरवलं होतं. ते तू बदललं… प्रोग्रामच्या सगळ्या भोकं पाडलेल्या कार्डांवर?… नक्की सगळ्या? एका जरी कार्डावर सिंधू राहिली, तर कॉम्प्युटरले वाटते, ही कोणी नवीनच आली. तो तिले शून्य धरते. पाणी शून्य, पाळ कोरडी… आता समजलं?

कोणतं कार्ड ते माहीत आहे मले. नाही सांगत… नाही म्हणजे नाही. अन् पाया काय पडतं? फोनवर दिसत नाही.

माझ्या कार्डांचा जुना गठ्ठा आहे ना कॉम्प्युटरवाल्या परसरामभाऊंजवळ. तोच लाव, बरोबर चालते… हो, पहिल्या कार्डावर माझंच नाव आहे. खाली पानापानावर सिंधू छापून येईन. साहेब विचारतीनच… तर सांगजो. नाही तर कोरडी पाळ दाखव. तुझी मर्जी.

सांगशीन?… मग आत्ता म्हणून दाखव. प्रोग्राम कोणाचा?… काय? आमची राइस मिल सुरू झाली, ऐकू नाही आलं. पुन्हा म्हण… हं. अन् रेषेचं नाव?… जोरानं!

हो ऑपरेटरताई, वाढवा हा ट्रंककॉल तीन मिनिटं. तुम्ही ऐकलं ना हा काय म्हणाला ते?… ऐकलं? बरं झालं. म्हण रे गोपीचंद, आणखी एकदा… हॅलो?… हॅलो?

कटला गं बाई. उठली का माझी सिंधू? अर्ध्यातच कटला… तुझंच नाव घेऊन राहिला होता.